अर्धा आटा

टेल-लाइट लागतो, म्हणजे फ्यूज शाबूत.
लेशेकची रीतच ही, आधी जे चालतं ते मोजायचं.
हॉर्न वाजतो, पडसं झाल्यासारखा.
वायपर एक फिरतो, दुसरा त्याच्याकडे बघत बसतो.
डॅशबोर्ड तेवढा आंधळा.
साठ वर्षांत मी तो उजळलेला पाहिला नाही.

बाबांची हिलमन, एकोणसाठ सालची,
क्लोन्सच्या बाहेर, माझ्या गोठ्यात उभी.
गोठ्यात आता गाय नाही, म्हणून गाडी आहे.
लेशेक दिवसभर मशरूमच्या शेडमधले पंखे दुरुस्त करतो,
संध्याकाळी इकडे येतो.
मजुरी घेत नाही, अंडी नेतो.

बॅटरीची तार हातात धरून तो थबकला,
"डिम्पना, हे उलटं जोडलंय."
उलटं नाही रे. तेव्हाच्या गाड्या अशाच.
पत्र्याला बांधायची ती धन बाजू.
जमीन धन,
आणि वायरीवायरीतून फिरतं ते ऋण.
आमच्या घरी तरी वेगळं काय होतं?
सतरा एकर दलदल, आणि दुकानदाराची वही.

मग तो पायाखालच्या जागेत उताणा शिरला.
टॉर्च दातात, त्यामुळे त्याचं बोलणं
पोलिशही राहिलं नाही, इंग्रजीही नाही.
लाल वायर, तिच्यात पांढरा दोरा,
वरचं कापड उंदरांनी दोन ठिकाणी चाखलेलं.
मी सँडपेपरनं पत्रा घासला,
गंज नाकात, गंज चहात.
मीटरचा काटा बारावर गेला.
करंट दारापर्यंत येतो,
आत येत नाही.

पहिला बल्ब त्यानं काढला, कानाशी हलवला.
तार शाबूत.
दुसरा शाबूत. तिसरा. चौथाही.
चारही होल्डरमध्ये अर्धा आटा सैल.
"खडखडीनं एखादा सुटतो," तो म्हणाला,
"चार सुटत नाहीत. आणि सारखेच तर नाहीच नाही.
हे कुणीतरी हातानं केलंय."

मी अंडी पुसत राहिले.

मागच्या सीटखाली लोणी असायचं,
पलीकडचं, स्वस्त.
लोण्यावर मी, सहा वर्षांची, ब्लँकेटमध्ये.
"झोपेचं सोंग कर," बाबा म्हणायचे, "पण मनापासून."
फक्त साइड-लाइट, खड्ड्याची कड दिसण्यापुरते,
आणि रस्ता असा, की एका वळणात दोनदा देश बदलायचा.
मला वाटे गाडी जुनी, गाडीचे आटे ढिले.
आई म्हणे, गाडीचे नाहीत गं, ह्यांचे.

तोंडावर उजेड नको, एवढंच.
वेग न कळला तरी चालेल,
पेट्रोल न कळलं तरी चालेल.
रात्रीच्या गाडीत त्यांचा चेहरा मी एकदाच पाहिला,
कस्टमवाल्याच्या टॉर्चमध्ये.
हसत होते.
कानामागून घाम कॉलरमध्ये उतरत होता.

लेशेकनं चारही आवळले. अर्धा अर्धा आटा.
उजेड आला तो गढूळ हिरवा,
तळ्याच्या तळाशी असतो तसा.
काटे अजून पांढरे होते.
तो सहा अंडी घेऊन गेला, सातवं मी खिशात कोंबलं.

रात्री मी गाडी काढली.
पाटी किलोमीटरमध्ये बोलते, काटा मैलांमध्ये.
पाटीवर ऐंशी, काट्यावर पन्नास,
दोघंही आपापल्या जागी खरे.
पलीकडे गेलं की त्यांचं जमतं.
चौकी नाही, दांडा नाही, कुणी हात करत नाही.
डांबराचा रंग बदलतो, टायरचा आवाज किंचित बदलतो.

समोरच्या काचेत एक हिरवी हनुवटी.
मागच्या सीटखाली काही नव्हतं,
स्टेपनीचा पाना होता फक्त.
तरी ती हनुवटी दिसली
आणि माझा पाय ब्रेकवर गेला.